मौजे चोळे येथील वीजघर

बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर चालणारी हिंदुस्थानातील पहिली आगगाडी धावली. त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने सिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत गाड्यांविषयी, स्थानकांविषयी आणि प्रवाशांविषयी पुष्कळ लिहिले जाईल, आणि ते सर्वस्वी उचितच आहे; परंतु ज्या वास्तूच्या उदरात अहोरात्र जळणाऱ्या कोळशाच्या बळावर सह्याद्रीचे दोन्ही घाट विजेच्या गाड्यांना सुगम झाले, त्या चोळ्याच्या वीजघराची हकीकत स्वतंत्रपणे नमूद झाल्यावाचून ही शताब्दी अपुरी राहील, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. दप्तरी भाषेत ते ‘चोला पॉवर हाऊस’. ठाकुर्ली, डोंबिवली आणि कल्याण या परिसरातल्या लोकांच्या बोलण्यात मात्र नुसते ‘पॉवर हाऊस’. एखाद्या वाड्याला नावाची गरज नसावी, ‘वाड्यावर जाऊन ये’ एवढे म्हटले की गावाला समजावे, तसा या शब्दाचा मान होता.

या वास्तूचा जन्म समजून घ्यावयाचा तर प्रथम कल्याणचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी साहेब, सिंध आणि सुलतान या तीन एंजिनांनी चौदा डब्यांची पहिली गाडी ठाण्यास आणली. पुढल्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास पोचला, आणि तेथे त्याला दोन वाटा फुटल्या. एक वाट कर्जत गाठून बोरघाटाने दख्खनकडे, तर दुसरी कसाऱ्यावरून थळघाटाने खानदेश आणि उत्तर हिंदुस्थानकडे. सातवाहनांच्या काळापासून सागरी व्यापाराचे बंदर म्हणून ज्या कल्याणाची ख्याती होती, त्याच्या नशिबी पुन्हा एकदा मालाची आणि माणसांची ये-जा आली. फरक इतकाच, की आता ती गलबतांतून नव्हे, वाघिणींतून होऊ लागली. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट खुला झाल्यावर तर मुंबईहून देशावर जाणारे पाऊल कल्याण चुकवून पडेनासे झाले.

घाट खुले झाले, पण सोपे झाले नाहीत. दोन्ही घाटांत चढ असा, की सदतीस फूट पुढे जावे तेव्हा मार्ग एक फूट वर चढावा. वाफेचे एंजिन स्वतःचा कोळसा आणि स्वतःचे पाणी पाठीवर घेऊन निघते. म्हणजे जो भार ओढून न्यावयाचा त्यात ओढणाऱ्याच्या शिदोरीचाही भार, आणि चढावर या शिदोरीचे ओझे अधिकच जाणवते. बोरघाटात पंचवीस बोगदे. त्या बोगद्यांतून धापा टाकीत जाणाऱ्या दोन-दोन, तीन-तीन एंजिनांचा धूर कोंडून राही, आणि एंजिनावर फावडे चालविणारा आगवाला तो धूर छातीत भरून घेतच पुढे जाई. शिवाय घाटाच्या वाटेत गाडीची दिशा उलट फिरवण्याचे रिव्हर्सिंग स्थानक होते. तेथे गाडीचे शेपूट डोके होऊन मगच उरलेला चढ सुरू होई. पाऊणशे वर्षांच्या आत या व्यवस्थेची सहनशक्ती संपत आली होती. मुंबईची वस्ती वाढत होती, गिरण्यांना माल हवा होता, आणि वाफेच्या एंजिनांकडून याहून अधिक काम निघणे शक्य नव्हते.

यावर ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजेच जी. आय. पी. रेल्वेने जो उपाय मुक्रर केला तो वीज. कुर्ल्याच्या त्या पहिल्या गाडीच्या, म्हणजे हार्बर मार्गावरील प्रारंभाच्या वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उपस्थित होते; १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची ती गाडी होती. १९२५ सालच्याच १ जुलै रोजी जी. आय. पी. रेल्वेचा कारभार कंपनीकडून सरकारकडे आला, म्हणजे विद्युतीकरणाचा पुढला सारा व्याप सरकारी अंमलाखाली पार पडला. आरंभीच्या उपनगरी गाड्यांना वीज मिळाली ती टाटांच्या जलविद्युत योजनांतून. खोपोली येथे १९१५ साली, भिवपुरी येथे १९२२ साली आणि भिरा येथे १९२७ साली सह्याद्रीचे पाणी यंत्रांवर पाडून ही वीज उत्पन्न होऊ लागली होती. परंतु घाटांतून मेल गाड्या आणि मालगाड्या ओढावयाच्या म्हणजे मागणी निराळ्या प्रतीची, आणि रेल्वेला स्वतःच्या हुकमतीतला स्वतःचा झरा हवा होता. त्यासाठी कल्याण तालुक्यातील मौजे चोळे या गावाच्या शिवारात, ठाकुर्लीजवळ, कोळशावर चालणारे वीजघर बांधण्याची तजवीज झाली. १९२९ सालापासून त्याने काम सुरू केले, त्याच वर्षी पुण्यापर्यंतच्या मार्गावर विजेच्या तारा पोचल्या, आणि १९३० साली त्या इगतपुरीस जाऊन टेकल्या.

जागेची निवड किती विचारपूर्वक केली होती, हे आज नकाशा समोर ठेवला म्हणजे दिसते. वीजघराला दोन गोष्टींचा अखंड पुरवठा लागतो, कोळसा आणि पाणी. कोळशाच्या वाघिणी ज्या मार्गाने येणार तो मार्ग दाराशीच, आणि पाण्याला उल्हास नदी फार लांब नाही. शिवाय दोन्ही घाटमार्ग जेथून फुटतात ते कल्याण हाकेच्या अंतरावर, म्हणजे वीज ज्या दोन दिशांना न्यावयाची त्यांच्या बेचक्यातच तिचे उगमस्थान. कल्याण-डोंबिवलीच्या मधला हा भाग त्या काळी भातखाचरांचा, आंब्याचिंचांचा, आगरी वस्तीचा होता. अशा मुलखात धुराडी उभी राहिली आणि रात्रीच्या काळोखात दिव्यांची एक रांग कायमची पेटून राहिली, तेव्हा आसपासच्या पाड्यांतील मंडळींना काय वाटले असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही. ज्या गावात अजून घरोघरी रॉकेलची चिमणी जळत होती, त्याच गावाच्या नावाची वीज पुण्याला चालली होती.

अशा वीजघराची आतली रचना एका नदीसारखी असते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले की सारी क्रिया क्रमाने उलगडत जाते. साइडिंगवर वाघिणी रित्या होतात, कोळसा दळला जाऊन भट्ट्यांत जातो, बाष्पकांच्या नळ्यांत पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवते, आणि टर्बाइनच्या आसाला जोडलेले जनित्र वीज उत्पन्न करते. काम आटोपलेली वाफ थंड पाण्याच्या नळ्यांना स्पर्श करून पुन्हा पाणी होते व परत बाष्पकात जाते. नदीचे सान्निध्य हवे ते मुख्यतः या निववण्याच्या कामी. मागे उरते ती राख. म्हणून अशा वास्तूत एक दालन काजळीचे आणि घामाचे असते, तर भिंतीपलीकडचे दुसरे दालन देवळाच्या सभामंडपासारखे उंच, स्वच्छ आणि एकसुरी घुमणाऱ्या नादाने भरलेले असते. येथून निघालेली वीज उच्च दाबाने तारांवरून उपकेंद्रांकडे जाई. तेथे फिरत्या परिवर्तक यंत्रांतून तिचा एकदिश प्रवाह होई आणि मग ती रुळांवरच्या तारेत उतरे.

मला या योजनेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी. वाफेच्या काळात प्रत्येक एंजिनाची चूल वेगळी होती; जितकी एंजिने तितक्या चुली, तितके धूर, तितके आगवाले. चोळ्याच्या वीजघराने एकत्र कुटुंबाप्रमाणे साऱ्या घाटाची चूल एके ठिकाणी मांडली. कोळसा जळतच होता, राख होतच होती, पण ती एका जागी, एका छपराखाली, जाणत्या माणसांच्या देखरेखीत. आणि बोगद्यात शिरणाऱ्या गाडीच्या प्रवाशाने खिडकीची काच वर ओढण्याचे कारण उरले नाही. १९२९ सालीच बोरघाटातील मार्ग बदलून रिव्हर्सिंग स्थानकही काढून टाकण्यात आले. पुढल्या वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी सुरू झाली. त्या गाडीच्या कौतुकात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या पुणेकरांना आणि मुंबईकरांना तिच्या मागे असलेल्या या चुलीची ओळख क्वचितच झाली असेल. डायनिंग कारमधल्या टोस्टचा आस्वाद साऱ्यांना ठाऊक, चोळ्याच्या भट्टीचा दाह ठाऊक तो फक्त तेथे पाळी करणाऱ्यांना.

वीजघराबरोबरच आणि त्याच योजनेचे दुसरे अंग म्हणून कल्याण येथे विजेच्या एंजिनांची शेड उभी राहिली, आणि या दोन वास्तूंचे चरित्र एकत्र सांगितल्यावाचून दोहोंपैकी एकीचाही अर्थ लागणार नाही, असे मला वाटते. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली जी एंजिने आली ती मोठी विलक्षण होती. मधोमध चालकाची खोली आणि दोन्ही अंगांना लांब, उतरती नाके. चाकांना जोडणारे आडवे दांडे वाफेच्या एंजिनासारखेच वरखाली होत. युरोपात अशा घडणीला मगरीचे नाव मिळाले, पण आमच्या कोकणच्या लोकांनी पाहिला तो खेकडा. स्थिर उभे असताना त्यातून कण्हल्यासारखा आवाज येई, आणि चालू लागले की दांड्यांचा सळसळता, घासत गेल्यासारखा नाद होई. खाचराच्या बांधावर ज्याने खेकड्याच्या नांग्यांची हालचाल पाहिली आहे, त्याला हे नामकरण किती नेमके आहे हे सांगावे लागत नाही. अशी एकेचाळीस एंजिने होती; त्यांतली काही साठ वर्षांच्या आसपास सेवेत राहिली.

या खेकड्यांचा एक गुण आवर्जून नोंदवण्याजोगा आहे. घाट उतरताना गाडीचा वेग आवरावा लागतो. वाफेच्या काळात तो भार सारा ब्रेकच्या ठोकळ्यांवर पडे. ठोकळे तापत, झिजत, आणि उतरणाऱ्या गाडीच्या चाकांतून ठिणग्या उडत. खेकड्याच्या मोटारींना मात्र उतारावर जनित्राचे काम देता येई: उतरणारी गाडीच चाके फिरवी, चाके मोटारी फिरवीत, आणि मोटारी वीज निर्माण करून ती वरच्या तारेत परत धाडीत. त्याच वेळी दुसरी एखादी गाडी कर्जतहून चढत असली तर ही परतलेली वीज तिच्या कामी येई. चोळ्याला जाळलेल्या कोळशाचा एक अंश असा घाट उतरताना पुन्हा हाती लागे.

स्वातंत्र्यानंतर या दोन वास्तूंच्या वाटा हळूहळू निराळ्या झाल्या. १९५१ साली जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे आली. १९५७ साली देशातील रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत स्वीकारली. मुंबईचा परिसर जुन्या १५०० व्होल्टवरच राहिला आणि त्यामुळे एक प्रकारे बेटासारखा एकटा पडला. १९६१ साली चित्तरंजन येथे देशात बांधलेले पहिले विजेचे एंजिन तयार झाले ते याच बेटासाठी, आणि त्याचे नाव ठेवले ‘लोकमान्य’. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी एंजिने निघाली. कल्याणच्या शेडमध्ये ती मोठ्या संख्येने तैनात झाली. खेकडे गेले, त्यांच्या जागी नवी एंजिने आली, खड्डे आणि क्रेन त्यांच्या मापाने बदलले, कामगारांनी नवे यंत्रशास्त्र आत्मसात केले. शेडचे काम बदलत गेले आणि म्हणूनच शेड टिकली.

वीजघराला ही सवलत नव्हती. त्याचे अंग एका कामासाठी घडलेले, आणि ते काम हळूहळू इतरत्र जात होते. राज्यभर विजेचे जाळे पसरले, मोठाली औष्णिक केंद्रे उभी राहिली, आणि अर्धशतकाहून अधिक राबलेले यंत्रसंच दुरुस्तीच्या पलीकडे जाऊ लागले. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात चोळ्याची वीजनिर्मिती बंद झाली. येथे वायूवर चालणारे नवे वीजकेंद्र उभारण्याचा मनसुबा रेल्वेने पुढे जाहीर केला होता. तो सिद्धीस गेला नाही. मधल्या काळात भोवतालचा मुलूख ओळखू येईनासा झाला. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली, खाचरांवर चाळी आणि चाळींच्या जागी इमारती आल्या, आणि ज्या डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक राहिले त्या डोंबिवलीचा सकाळचा फलाट ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची एक खूणगाठ होऊन बसली. ती गर्दी ज्या विजेवर रोज मुंबईला गेली, तिचा एक जुना उगम तीन-चार मिनिटांच्या अंतरावर निपचित पडला होता.

निरुपयोगी ठरलेल्या वास्तूला दुसरा जन्म देणे ही ठाणे जिल्ह्याला अपरिचित गोष्ट नाही. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० साली बांधावयास घेतला, १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला, इंग्रजांच्या अंमलात त्याचा तुरुंग झाला, आणि तो आजही तुरुंगच आहे. या पुनरुपयोगाविषयी आनंद मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण त्यामुळेच तटबंदी शाबूत राहिली हे खरे. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट अधिक दुःखाची. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यांच्या कित्येक आवारांत दुकाने, उपाहारगृहे आणि कचेऱ्या आल्या. चिमणी राखली गेली, पण चिमणीखालच्या माणसाचे नाव कोठे राखले गेले नाही. कोल्हापुरात १९०६ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी स्थापिलेली गिरणी २००३ साली बंद पडली. २०२२ साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे कार्यक्रम त्याच आवारात झाले, तेव्हा ज्या दारातून आजोबा कामावर जात त्या दारातून नातवंडे प्रदर्शन पाहावयास गेली. मला हा मार्ग अधिक सभ्य वाटतो.

आणि वीजघरांपुरतेच बोलावयाचे तर परदेशात याचे उत्तम दाखले आहेत. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी बँकसाइडचे वीजघर १९८१ साली बंद झाले आणि २००० साली तेथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडले. टर्बाइनचे प्रचंड दालन रिकामे ठेवले, आणि त्या रिकामेपणालाच कलेचे स्थान दिले. रोममध्ये १९१२ सालचे मोंतेमार्तिनी वीजघर आहे. तेथे यंत्रे हलवली नाहीत. काळ्या डिझेल एंजिनांच्या आणि बाष्पकांच्या समोर रोमन काळातील पांढरे संगमरवरी पुतळे मांडले. यंत्राच्या शेजारी देवता उभी केली म्हणून कोणाचाच अपमान झाला नाही. ज्या देशात खंडेनवमीला हातोडी, पकड आणि लेथ यांना हळदकुंकू वाहतात, त्या देशातल्या माणसाला ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नाही.

चोळ्याला जे काही उरले आहे, मग ती भिंत असो, साइडिंगची वाट असो की दप्तरातले जुने नकाशे असोत, त्याचा उपयोग विजेच्या रेल्वेचे संग्रहालय म्हणून व्हावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि ती या स्मरणिकेच्या पानावर मी दरखास्त म्हणूनच नोंदवीत आहे. त्या काळचे विजेचे एंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळते. ‘सर रॉजर लम्ली’ हे एंजिन तेथे आहे. ते तेथे सुरक्षित आहे हे चांगलेच, पण ज्या घाटासाठी ते आले त्या घाटाच्या पायथ्याशी, ज्या चुलीवर ते पोसले त्या चुलीशेजारी, त्याच्या एखाद्या भावंडाला जागा मिळाली असती तर ठाकुर्लीच्या शाळेतील मुलाला आपल्या गावाचा इतिहास हाताने चाचपून पाहता आला असता. संग्रहालयात यंत्रांइतकीच जागा माणसांनाही हवी. फावडे, भट्टीच्या झळांनी करपलेला काचेचा चष्मा, पाळीची वही, रेल्वे वसाहतीतल्या खोलीचे भाडेपत्रक, तेथल्याच बावन चाळीतल्या एखाद्या घरातला लग्नाचा फोटो. या जिनसा जमवणाऱ्याने आता फार विलंब लावू नये, कारण त्या काळी पाळी केलेली माणसे आता थोडी उरली आहेत.

एक गोष्ट मी स्वतः पाहिली, ती येथे नोंदवून ठेवतो. २००६ साली कसाऱ्याच्या दिशेला प्रथम जुना प्रवाह जाऊन नवा आला, आणि पुढे दहा वर्षे टप्प्याटप्प्याने ही सीमा मुंबईकडे सरकत राहिली. त्या काळात दोन प्रवाहांच्या हद्दीवर तारेचा एक तुकडा विजेविना ठेवलेला असे. लोकल त्याखालून जाताना दिवे विझत, पंखे मंदावून थांबत, आणि गच्च भरलेल्या डब्यात क्षणभर चाकांचाच आवाज राही. मग दिवे लागत, पंखे फिरू लागत, आणि पत्ते खेळणारे पुन्हा पाने उचलीत. तो तुकडा माझ्या माहितीतल्या प्रवाशांनी कधी शिव्या देऊन, कधी हसून ओलांडला. जुन्या बाजूला रुळांवर दोन-दोन जाड तांब्याच्या तारा होत्या, नव्या बाजूला एकच बारीक तार; खिडकीशी बसलेल्याला हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसत असे. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरही नवा प्रवाह आला, आणि ज्या मार्गावर १५०० व्होल्टची पहिली गाडी धावली होती त्याच मार्गावर त्या प्रवाहाची शेवटची गाडी धावली.

कल्याणची शेड मात्र चालूच आहे. आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर एंजिने जोडली जातात, ती गाडीला घाटावर रेटतात, आणि लोणावळ्याला सुटी होऊन खाली परततात. नव्या एंजिनांतही तीच जुनी युक्ती अधिक परिष्कृत स्वरूपात आहे: उतारावर मोटारी जनित्रे होतात, ब्रेकचे ठोकळे गार राहतात, आणि खंडाळ्याच्या उतारावरून निघालेली वीज तारेतून वाहत जाऊन त्याच क्षणी पळसदरीकडून चढणाऱ्या गाडीला मिळते.